सीटखालचा डबा

इब्री, ओमान
१० नोव्हेंबर १९८५

ताई,

साष्टांग नमस्कार वगैरे तू धरून चाल. ते लिहायला बसलो की अर्धं पान त्यातच जातं, आणि सहावीपर्यंत शाळेत जाऊन मला तेवढंच नीट आलं नाही.

हे पत्र शिवदासच्या हाती देतोय. आमच्या कॅम्पातला सुतार, भांडुपचा, सुट्टीवर येतोय. त्याच्याबरोबर एक पुडकं आहे. आईला वाटेल सेंट आहे. नाही. त्यात मोटारसायकलचा फिल्टर आहे. गोल, लाल जाळीचा, वर चकचकीत टोपी. ह्याला पॉड म्हणतात. आपल्या जावाच्या सीटखाली तो पत्र्याचा डबा आहे ना, ज्यातून इंजिन हवा घेतं, तो काढायचा आणि हा पॉड सरळ कार्बोरेटरच्या तोंडावर बसवायचा. एक पट्टी आवळली की झालं. डब्यातून गाडी नाक चिमटीत धरल्यासारखा श्वास घेते. पॉड लावला की मोकळी. इथे रॉमी म्हणून फिलिपिनो मेकॅनिक आहे, त्याच्या गाडीला आहे. रस्त्यावर सोडली की अंगावर काटा येतो.

तू म्हणशील तुला फिल्टरचं काय कळतं. ताई, मी दुसरं करतो काय इथे? हे लोक इब्री शहरापासून लांब वाळवंटात रस्ता टाकतायत. संध्याकाळी खोदकामाची मशीनं परत आली की मी त्यांचे फिल्टर काढतो आणि कंप्रेसरच्या हवेने झाडतो. एकेका फिल्टरातून ओंजळ ओंजळ वाळू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन वर्षं झाडतोय आणि वाळू काय संपत नाही. पलंगावर पडलो तरी माझे पाय हलत राहतात. खालच्या बाजेवरचा केरळी शिव्या घालतो.

म्हणून मला ती गाडी तयार हवी. आलो की घरात बॅग टाकणार आणि निघणार. कुठे ते ठरलं नाही. लांब.

बाबांना सांग लावायला. त्यांच्यासारखा पाना कोणाच्या हातात बसत नाही. माझं नाव नको सांगू हवं तर. दोन वर्षांत एक ओळ लिहिली नाही त्यांनी. माझा गुन्हा काय, तर भिवंडीच्या पॉवरलूमवर मला जागा मिळाली होती. संपात घरात डाळ शिजत नव्हती म्हणून गेलो ना विचारायला? तर म्हणाले, मालकांनी संप मोडायला जिथे कापड विणून घेतलं त्या साच्यावर माझा मुलगा उभा राहणार नाही. आणि बॅग दाराबाहेर. ठीक आहे. बसू दे त्यांना गिरणी उघडायची वाट बघत.

गाडी गोणपाटाखाली सडवू नका एवढंच.

बाळा


मुलुंड
१० डिसेंबर १९८५

चि. बाळास, आशीर्वाद.

पुडकं पोचलं. आईने दोनदा वास घेऊन बघितला आणि मग म्हणाली, ह्याला अत्तराची अक्कल कधी नव्हतीच.

बाबांना तुझं नाव सांगितलं नाही, पण त्यांना कळायचं ते कळलं. दोन दिवस पुडकं खिडकीतच होतं. रविवारी बघते तर गाडीची सीट काढलेली, डबा पायरीवर, आणि बाबा तो लाल गोळा हातात फिरवून बघतायत. बसवला. किक मारली.

साळखात्यात तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले ते तुला ठाऊक आहे. अजून आपलं तेच चालू आहे, घरात ओठ हलवून बोलायचं, आवाज न काढता. तिथले सगळे साळवाले तसंच बोलायचे म्हणे. गाडीसुद्धा ते टाकीवर हात ठेवून जी थरथर लागेल तेवढ्यावर चालवायचे. तर किक मारली आणि पॉडमधून असा भसाडा आवाज आला की चाळ सगळी गॅलरीत. बाबा मात्र जागच्या जागी उभे. मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "ऐकू येतंय गो." परत ॲक्सिलरेटर पिळला. परत म्हणाले. आई म्हणाली, भोंगा मिळाल्यासारखं काय करताय. पण ती पदर तोंडाला लावून उभी होती, तो काही हसू लपवायला नव्हता.

आता शेजारी बोंबलतात. रोज सकाळी ह्या गाडीने झोपमोड होते म्हणून. मी म्हटलं, घड्याळाचा खर्च वाचला ना तुमचा.

बाबा बरे आहेत. घरीच असतात. गाडी नाक्यापर्यंत फिरवून आणतात. माझी कंपनी चालू आहे, गोळ्या पाकिटात भरायचं तेच काम. तू जेवणात हयगय करू नकोस आणि पलंगावर पडलं की पाय पोटाशी घेऊन झोप, म्हणजे हलणार नाहीत.

प्रेमाताई


इब्री
२७ डिसेंबर १९८५

ताई,

"ऐकू येतंय" हे तू लिहिलंस ते मी कॅम्पात कोणाला दाखवलं नाही. संडासात जाऊन पुन्हा वाचलं. तिथेच एक काय ते दाराला कडी आहे.

पण रोज सकाळी कुठे जातात? सांगू मी? नाक्यावर जुन्या संपवाल्यांच्या टोळक्यात. गिरणी कधी उघडणार ते चहा पीत ठरवत असणार. आवाजाची गाडी घेऊन जातात म्हणजे रुबाब पण झकास. जाऊ दे.

आता कामाचं ऐक. इथे एक भानगड झाली. एक सिलोनी वेल्डर आहे, त्याची गाडी जुनी, आपल्यासारखीच टू-स्ट्रोक. त्याने रॉमीकडचा दुसरा पॉड लावला. काल सरळ रस्त्यावर फुल पिळून सोडली. चांगला लांब गेला आणि पिस्टन गरम होऊन, फुगून, आतल्या आत अडकला. मागचं चाक लॉक. माणूस उडून वाळूत. खांद्याचं हाड गेलं. वाळू होती म्हणून हाडावर भागलं.

रॉमीने मग समजावलं. पॉडने हवा जास्त येते पण पेट्रोल तेवढंच राहतं. आणि आपल्या गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं. पिस्टन कोरडा. म्हणून पॉड लावला की कार्बोरेटरातला जेट बदलायचा असतो. जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, त्याच्या भोकातून पेट्रोल जातं. मोठ्या भोकाचा लागतो. मी म्हटलं हे आधी सांगायला काय झालं होतं? म्हणतो, तू विचारलं नाहीस.

पण तुम्ही घाबरू नका. हे सगळं लांब आणि फुल पिळून गेलं तर. नाक्यापर्यंत जाऊन येण्यात इंजिन धड तापत पण नाही. जेट मी पाठवतो, कोणी येणारा सापडू दे. तोवर गाडी हायवेला काढायची नाही. अगदीच भीती वाटली तर जुना डबा परत लावा, त्यात कसलीच कटकट नाही. पण बाबांना आवाज आवडलाय तर राहू दे. नाक्यापर्यंतच तर जातात.

इथे थंडी पडली आहे. वाळू गार लागते. बाकी काही बदललं नाही, तेच वाईट आहे.

बाळा


मुलुंड
१३ जानेवारी १९८६

बाळा,

कंपनीत जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. डबा न उघडता लिहितेय.

मी तुला खोटं लिहिलं. बाबा घरी नसतात. दीड वर्ष झालं, ते भिवंडीला जातात. पॉवरलूमवर जॉबर आहेत, साचे लावून देतात. हो, तिथेच. मला आणि आईला शपथ घातली होती, बाळाला कळता कामा नये आणि चाळीत तर नाहीच. आपली चाळ अर्धी संपवाल्यांची, तुला माहीत आहे. बाहेर सांगितलंय की ठाण्याला गोडाऊनवर वॉचमन आहेत. रोज मुलुंडहून ठाणे, कशेळीचा पूल, भिवंडी. उशीर झाला की मालक दारातून परत पाठवतो, म्हणून जाताना फुल पिळून. येताना तसंच, सवयीने.

तू चिडशील. चीड. पण आधी पुढचं वाच.

मागच्या आठवड्यात कशेळीच्या अलीकडे गाडी चालता चालता अडकली. मागचं चाक घासत गेलं. पायांनी कशीबशी सावरली, कडेला उभी केली, थंड झाल्यावर किक मारली तर चालू. घरी येऊन म्हणाले, पेट्रोलात कचरा आला असेल. मी पण तेच धरून चालले. शनिवारी तुझं पत्र आलं आणि मला कळलं, तो कचरा नव्हता.

पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सगळं वाचलं. तुझं हस्ताक्षर सुधारलं नाही म्हणाले. मी म्हटलं, बाबा, डबा लावा. म्हणाले, डबा लावला की गाडी मुकी होते. मी म्हटलं, मुकी झाली तर झाली. म्हणाले, तुला काय जातंय म्हणायला, तुला पंखा ऐकू येतो, कुकर ऐकू येतो, मला दोन वर्षांत ही एकच वस्तू ऐकू आली. तासभर आमचं भांडण झालं, सगळं ओठांनी. मधेच सुलक्षणाकाकी साखर मागायला आल्या, उभं राहून आईशी बोलून गेल्या, त्यांना समजलं पण नाही की इथे भांडण पेटलंय.

शेवटी म्हणाले, "इंजिन बिघडायला लागलं तर आवाज बदलेल. आता मला ऐकू येतं. मी वेळेवर क्लच दाबीन, चाक अडकणार नाही."

हे खरं आहे का रे? तुला कळत असेल तर लिही, मला कळत नाही. मी चावी लपवली तर सकाळी खिळा घालून गाडी चालू केली. आज पण गेलेत. तू वाचशील त्या दिवशी पण गेलेले असतील.

प्रेमाताई


तार
इब्री, २५ जानेवारी १९८६

तो आवाज बाबांना ऐकू येणार नाही. गाडी थांबवा. डबा लावा. बाळा.


मुलुंड
२८ जानेवारी १९८६

बाळा,

तुझी तार आली. आता तारेने काय केलं ते वाच.

काल दुपारी तारवाला आला तेव्हा आई एकटी. तिने सही केली, पाकीट ओट्यावर ठेवलं आणि समोर बसली. उघडलं नाही. आपल्या चाळीत तार आली म्हणजे कोणीतरी गेलं, दुसऱ्या कशासाठी कोणी तार करतं का? सुलक्षणाकाकींनी स्टोव्ह विझवला. त्यांच्या घरचा पण विझवला. कोणीतरी कंपनीच्या गेटवर निरोप धाडला, "भाऊ गेला म्हणून सांगा." मी धावत आले ती कशी आले मला आठवत नाही. दारात चपलांचा ढीग. आईच्या भोवती बायका. आणि पाकीट तसंच, चिकटवलेलं. एवढ्या माणसांत कोणाची छाती झाली नाही ते फाडायची.

मी फाडलं. इंग्रजी होतं, दोनदा वाचावं लागलं. आईला सांगितलं. तिने माझ्या हातातून कागद घेतला आणि कुंकवाच्या डबीखाली ठेवला. मग रडली.

बाहेरच्यांना सांगायच्या आत गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज. बाबा. गर्दी बघून त्यांनी गाडी तिथेच सोडली. ते काय करतात ठाऊक आहे ना तुला, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळ्यांच्या ओठांवर एकच, बाळाची तार, बाळाची तार. खाली मातीत बसले रे. पायरी दोन हातांवर होती, तिथपर्यंत आले नाहीत.

मी लोकांना ढकलत पुढे गेले. ओरडून काय उपयोग? तोंडाने नुसतं करत गेले, जिवंत आहे, जिवंत आहे. त्यांच्या समोर गुडघ्यांवर बसले तेव्हा त्यांनी बघितलं. मग तार सांगितली. त्यांनी "काय?" म्हणून विचारलं. परत सांगितली. परत "काय?" तिसऱ्यांदा म्हणाले, "फिल्टरसाठी तार?"

अंबादासकाका, बाबांबरोबर संपात होते ते, त्यांनी विचारलं, गोडाऊनपर्यंत जायच्या गाडीसाठी परदेशातून तार कशाला? बाबांना त्यांचे ओठ दिसले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "गोडाऊन नाही. भिवंडीला जातो मी. पॉवरलूमवर. दीड वर्ष."

मी खाली बघत होते. मग अंबादासकाका अगदी बारीक आवाजात म्हणाले, पण ओठ नीट हलवून, बाबांना दिसावेत म्हणून: "माका ठावक आसा रे सीताराम. मी पण थंयच जातंय. एस्टीच्या बसान."

त्यावर पहिलं हसली ती आई.

बाबांनी संध्याकाळी पाना घेतला. पॉड काढला, डबा लावला. अंधार व्हायच्या आत झालं. किक मारली आणि टाकीवर हात ठेवून उभे राहिले, पूर्वीसारखे. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आज सकाळी ते निघाले तेव्हा अंबादासकाका मागे बसले होते.

आता तू सांग. तार करायला इब्रीला गेलास कसा? कॅम्प शहरापासून लांब आहे असं तूच लिहिलं होतंस.

प्रेमाताई


इब्री
१४ फेब्रुवारी १९८६

ती. बाबांस,

हे पत्र ताईकडे न पाठवता तुमच्या नावाने पाठवतोय. सुरुवातीला काय लिहायचं ते दोन दिवस सुचलं नाही, म्हणून कामाचंच लिहितो.

इंजिन अडकायच्या आधी जो आवाज येतो तो बारीक असतो. पत्र्याच्या डब्यात बांगड्या हलवाव्यात तसा. मी रॉमीला विचारलं, मग कॅम्पातल्या डॉक्टरला पण विचारलं. तो म्हणाला, मशीनच्या आवाजाने कान जातात तेव्हा बारीक आवाज आधी जातात, जाड मागे राहतात. पॉडचा भसाडा आवाज तुम्हाला येत होता, पण ज्याच्यावर क्लच दाबायचा तो त्याच्याखाली गेला असता. तुम्ही ऐकत राहिला असतात आणि खूश असतात. हे मला रात्रभर डोळ्यांसमोर दिसत होतं, म्हणून तार केली.

मोठा जेट मिळाला आहे. तरी पाठवत नाही. कशेळीच्या रस्त्याला ट्रकांची धूळ आहे आणि पॉड ती आत घेतो. डबा घेत नाही. फिल्टरवाला आहे मी, एवढं मला कळतं. पॉड पाठवताना मी धुळीचा विचार केला नव्हता. पळायचा केला होता. मस्कतला कानाचं मशीन मिळतं. ते घेऊन येतो. त्याला आवाज कमी-जास्त करायचं बटण असतं.

येतो म्हणजे लवकरच येतो. तार करायला मी न सांगता पाण्याच्या टँकरवर बसून इब्रीला गेलो. परत आलो तर फोरमनने पासपोर्ट टेबलावर काढून ठेवला होता. मार्चअखेरीचं तिकीट आहे. इथले सगळे म्हणतात, वाट लागली तुझी. मला तसं वाटत नाही. पासपोर्ट बघितला तेव्हा पाय हलायचे थांबले.

भिवंडीबद्दल मी रागावणार होतो. ताईचं ते पत्र आलं तेव्हा चांगले मुद्दे जमवले होते. मला दाराबाहेर काढून स्वतः तिथे, वगैरे. टँकरवर बसलो तेव्हा एक पण आठवेना. सारखं तेच येत होतं की तुम्ही निघाला असाल.

म्हणून विचारतो. तुमच्या साच्यांवर जागा असली तर बघाल का. नसली तर दुसरीकडे बघीन. पण येण्याजाण्याला गाडी मी चालवीन आणि तुम्ही मागे बसा. मला बारीक आवाज अजून ऐकू येतात.

आईला सेंट घेतलं आहे.

बाळा


मुलुंड
२ मार्च १९८६

बाळा,

पत्र पोचलं. मालकाशी बोललो. जागा आहे. पहिल्या दिवसापासून कानात कापूस घालून उभं राहायचं. मी घातला नाही. तेव्हा तो बायकी वाटायचा.

मशीन आण. साच्यावर काढून ठेवीन, घरी लावीन. तुझी आई काय बोलते ते तीस वर्षं नुसतं बघतोय.

मी मागे बसणार नाही. कशेळीला खड्डे कुठे आहेत ते मला माहीत आहे, तुला नाही. तू मागे बस आणि आवाज बदलला तर पाठीवर हात मार. अंबादासला सांगून ठेवलंय, तू आलास की त्याने बसने जायचं.

बाबा